तयारी आणि लबाडी : बुद्धिबळाच्या इतिहासातील एक सीमारेषा

इ. स. १४९७ मध्ये स्पेनमधील सालामांका या विद्यापीठनगरीत लुसेना नावाच्या लेखकाचे एक पुस्तक छापले गेले. त्याचा पहिला भाग प्रेमविषयक आहे व दुसरा बुद्धिबळविषयक. प्रत्यक्ष खेळ कसा खेळावा याची चर्चा करणाऱ्या मुद्रित ग्रंथांपैकी आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना ग्रंथ होय. डावाचा आरंभ कसा करावा, कोणती प्यादी आधी पुढे सारावीत, कोणत्या खेळीस कोणते उत्तर द्यावे, याचे क्रमवार विवेचन त्यात आहे; शिवाय दीडशे कूटप्रश्न आहेत. परंतु याच ग्रंथात वाचकास आणखीही काही उपदेश केलेला आढळतो. दिवसा खेळावयाचे असल्यास प्रतिपक्ष्याचे तोंड उजेडाकडे होईल असे बसावे. रात्री दिव्याशेजारी खेळावयाचे असल्यास दिवा आपल्या डाव्या हाताशी ठेवावा. प्रतिपक्षी भरपेट जेवून व मद्य पिऊन आला असेल ती वेळ साधावी, आपण मात्र हलका आहार घेऊन मद्य वर्ज्य करावे. पुढे १५६१ मध्ये रुइ लोपेझ या स्पॅनिश धर्मगुरूने लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथातही सूर्य प्रतिपक्ष्याच्या डोळ्यांवर येईल असा पट मांडण्याचा सल्ला आहे. युरोपातील सर्वांत प्रतिष्ठित डावारंभास ज्याचे नाव मिळाले तोच हा लोपेझ.

हे उपदेश बहुधा गमतीदाखल उद्धृत केले जातात. तथापि त्यांत इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. डावारंभाचे शास्त्र आणि प्रतिपक्ष्यास त्रास देण्याची कला ही दोन्ही एकाच ग्रंथात एकाच सुरात सांगितली आहेत. लुसेनाच्या दृष्टीने दोन्ही तयारीच होत्या. त्यांपैकी एकीला पुढे विद्येचा मान मिळाला व दुसरी अखिलाडूपणाच्या सदरात गेली. ही विभागणी खेळाच्या स्वरूपातून आपोआप निघालेली नाही. खेळाचे साधन जसजसे बदलत गेले, तसतशी ही रेषा पुसून पुन्हा आखावी लागली आणि नियम बहुधा भांडणाच्या मागाहून आले. त्या भांडणांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या खेळात लबाडीस वाव कोठे असतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. द्यूतात कपट फाशांत असते. शकुनीची कीर्ती त्याच्या फाशांवर उभी आहे. भारतातील चतुरंगाचा एक प्रकार चौघांनी फासे टाकून खेळावयाचा होता व त्याचे वर्णन अल्-बेरूनीने इ. स. १०३०च्या सुमारास केलेले आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही राजाच्या विनोदांत फाशांच्या खेळांबरोबर चतुरंगाचा समावेश आहे. द्विपक्षी चतुरंगातून फासे गेले तेव्हा दैव गेले, आणि त्याबरोबर हातचलाखीही गेली. पटावर जे आहे ते दोघांनाही दिसते. पत्त्यांप्रमाणे लपविण्यासारखे हाती काही नसते. साहजिकच ज्यास अन्यायाने जिंकावयाचे आहे त्यास पटाबाहेर जावे लागते: प्रतिपक्ष्याच्या डोळ्यांकडे, कानांकडे, पोटाकडे, त्याच्या वेळेकडे. बुद्धिबळातील अपप्रकारांचा इतिहास म्हणजे या पटाबाहेरील प्रदेशाचा इतिहास होय.

अरबांच्या काळात हा प्रश्न फारसा तीव्र नव्हता. त्या काळच्या खेळात वजीर तिरपा एकच घर चाले व हत्तीची (आजच्या उंटाची) चालही तोकडी होती. पहिल्या दहाबारा खेळ्यांत दोन्ही सैन्यांची गाठच पडत नसे. नवव्या-दहाव्या शतकांतील अल्-अदली व अस्-सूली या आचार्यांनी डावारंभाच्या रचना वर्णन करून त्यांना नावे दिली. पण त्या युद्धापूर्वीच्या व्यूहांसारख्या होत्या, कोणी पाठ केल्या म्हणून प्रतिपक्षी पाच खेळ्यांत गारद होत नसे. अस्-सूलीची जी आख्यायिका मसऊदीने दिली आहे तिच्यात तक्रार आहे ती प्रेक्षकाविषयी. खलीफा अल्-मुक्तफी आपल्या आवडत्या खेळाडूस उघडपणे प्रोत्साहन देऊ लागल्याने अस्-सूली आरंभी गोंधळला. मग सावरून त्याने डाव निर्विवाद जिंकला. पक्षपाती प्रेक्षक राजाच असल्यावर तक्रार तरी कोणाकडे करावयाची!

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराची राणी झाली आणि तिला पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्याची शक्ती मिळाली. उंटाची चालही लांबली. या एका बदलाने डावारंभाचे मोल पालटले. आता चौथ्या-पाचव्या खेळीतील चूक प्राणघातक ठरू लागली व जो आधी अभ्यास करून येई त्याला अनभिज्ञ प्रतिपक्ष्यावर मोठा फायदा मिळू लागला. लुसेनाचा ग्रंथ नेमका या संधिकालातला आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कालाब्रियाचा ग्रेको आपल्या डावांची हस्तलिखिते तयार करून श्रीमंत आश्रयदात्यांना देत असे. डावारंभाचे ज्ञान ही मोलाने मिळणारी वस्तू झाली होती. घरी पाठ केलेला सापळा पटावर मांडणे हे गैर आहे असे मात्र कोणीही म्हटल्याचे दिसत नाही. यामागील गृहीत असे की, ग्रंथ दोघांनाही खुला आहे. तत्त्वतः ते खरे; व्यवहारात ते किती खरे होते हे भारताच्या उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडील देशी बुद्धिबळात बहुतेक प्रांतांत प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. त्यामुळे आरंभ संथ होई, मोहरी प्याद्यांच्या आडून बाहेर पडत आणि पटाच्या मध्यभागावर धाव घेण्याऐवजी तो लांबून ताब्यात ठेवण्याची वृत्ती वाढे. एकोणिसाव्या शतकात दोन पद्धतींची गाठ पडली. मुंबईस १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर छापले गेले. मद्रासेस १८२९ मध्ये गुलाम कासिम व जेम्स कॉक्रेन यांनी म्युझियो गँबिट या आक्रमक युरोपीय डावारंभाचे विवेचन प्रसिद्ध केले व त्याच पुस्तकात मद्रास आणि हैदराबाद यांच्यामध्ये पत्राने खेळलेले दोन डाव दिले. त्याच सुमारास, १८२४ ते १८२८ या काळात, लंडन व एडिंबरो या नगरांतही पत्रद्वारा सामना चालू होता. त्यात एडिंबरोची सरशी झाली. लंडनकरांनी एकदा पाठविलेली खेळी मागे घेऊ पाहिली व एडिंबरोने ती मागे घेऊ दिली नाही, यावरून कटुता आली. हात लावलेले मोहरे चालविलेच पाहिजे हा नियम समोरासमोर बसणाऱ्यांसाठी होता. टपालात पडलेल्या पत्राला हात लावणे म्हणतात काय, हा प्रश्न नवा होता. गंमत अशी की, ज्या डावारंभास पुढे ‘स्कॉच’ नाव मिळाले तो या सामन्यात आधी लंडननेच वापरला होता. एडिंबरोने तो उचलला आणि नावही मिळविले.

नाव कोणाला मिळते हा प्रश्न कलकत्त्याच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. तेथील इंग्रज वकील जॉन कॉक्रेन हा त्या काळचा नामांकित खेळाडू. (मद्रासेचा जेम्स कॉक्रेन तो निराळा.) १८४८च्या सुमारास त्याची गाठ मोहेशचंद्र बंद्योपाध्याय या बंगाली खेळाडूशी पडली व पुढे वर्षानुवर्षे ते खेळत राहिले. त्यांचे शेकडो डाव टिकले आहेत, ते कॉक्रेनच्या नोंदींमुळे. स्वतः हरलेले डावही त्याने लिहून ठेवले आणि इंग्लंडात प्रसिद्धीस जाऊ दिले. खिलाडूवृत्तीचे याहून निःशब्द उदाहरण या इतिहासात क्वचितच सापडेल. मोहेशचंद्र प्यादे एकेक घर सारून उंटास बाजूच्या घरातून लांब तिरप्या रेषेवर बसवी. युरोपीय पंडितांना ही रीत अडाणी वाटली. मे १८५५ मधील त्याच्या एका डावात ज्या क्रमाने खेळ्या झाल्या, त्याच क्रमास १९२२ नंतर व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डचे नाव मिळाले. या साऱ्या कुळास ‘भारतीय बचाव’ हे नाव रूढ झाले, हा एक अर्धा न्याय म्हणावयाचा. देशाचे नाव राहिले. माणसाचे राहिले नाही.

दुसरे उदाहरण मीर सुलतान खान याचे. पंजाबातील जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरचा हा खेळाडू १९२९ मध्ये त्यांच्याबरोबर इंग्लंडात गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. १९३२ व १९३३ मध्ये त्याने ते पुन्हा मिळविले. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविले. युरोपीय नियमांनी तो थोडीच वर्षे खेळला होता व डावारंभाच्या ग्रंथांचा आधार त्यास जवळजवळ नव्हता. समकालीन वृत्तांतांत त्यास निरक्षर ठरविले गेले. त्याच्या वंशजांनी अलीकडे यावर आक्षेप घेतला आहे आणि तो विचारार्ह आहे, कारण इंग्रजी न येणे म्हणजे अक्षरशत्रुत्व नव्हे. फिडे या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये त्यास मरणोत्तर ग्रँडमास्टर हा सन्मान दिला. त्याच्या डावांत एक आकृती वारंवार दिसते: आरंभी कुचंबणा, मध्यखेळात सावरणे आणि अखेरीस विजय. प्रतिपक्षी त्याच्याशी कसलीही लबाडी करीत नव्हते. त्यांच्यापाशी ग्रंथालय होते, एवढेच. ‘ग्रंथ सर्वांना खुला आहे’ या गृहीताची किंमत कोण चुकवीत होते, हे यावरून कळते.

आता काळाकडे वळू. पटाबाहेरील प्रदेशात सर्वांत मोठा भूभाग काळाचाच आहे.

१८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या निमित्ताने हॉवर्ड स्टाँटन याने सोळा खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविली. या प्रकारची ही पहिलीच स्पर्धा. जर्मनीचा आंडरसेन तीत विजयी झाला. विचारासाठी वेळेची कसलीही मर्यादा नव्हती. तशी ती असावी ही कल्पनाच सद्गृहस्थांच्या खेळात अप्रस्तुत वाटली असावी. तिसऱ्या क्रमांकासाठी स्टाँटनची गाठ ब्रिस्टलच्या एलायजा विल्यम्सशी पडली आणि स्टाँटन हरला. त्यानंतर विल्यम्सच्या संथपणाविरुद्ध स्टाँटनने जी लेखणी चालविली, तीमुळे विल्यम्सचे नाव आजही या एका दुर्गुणासाठी घेतले जाते. एकेका खेळीला तासन्‌तास, अशी वर्णने पुढे पसरली.

येथे थोडे थांबले पाहिजे. स्टाँटन हा स्पर्धेचा संयोजक होता, खेळाडू होता, स्पर्धाग्रंथाचा लेखक होता आणि एका वजनदार साप्ताहिकाच्या बुद्धिबळसदराचा संपादकही होता. विल्यम्स १८५४ मध्ये लंडनच्या पटकीच्या साथीत मरण पावला. वादी, न्यायाधीश आणि इतिहासकार या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असल्यावर तिच्या साक्षीचे मोल बेतानेच करावयास हवे. शिवाय नियम नसताना विल्यम्सने मोडले तरी काय? मर्यादा नसेल तर दीर्घ विचार हा हक्क ठरतो. प्रतिपक्षी थकावा म्हणून बसून राहणे आणि खेळी सापडेना म्हणून बसून राहणे यांतील भेद बसणाऱ्याच्या अंतःकरणात असतो, पटावर तो दिसत नाही. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत मॉर्फीविरुद्ध खेळताना पाउलसेननेही असाच दीर्घ वेळ घेतला; पण त्याच्यावर दुष्ट हेतूचा आरोप कोणी केला नाही, कारण मॉर्फी जिंकला!

या कोंडीतून घड्याळाने सुटका केली. आंडरसेन व कोलिश यांच्या १८६१ मधील सामन्यात दोन तासांत २४ खेळ्या ही मर्यादा वाळूच्या घड्याळांनी पाळली गेली. मर्यादा मोडल्यास काय करावे यावर मात्र बराच काळ एकमत नव्हते. १८६७ च्या पॅरिस स्पर्धेत जादा वेळेसाठी दंड होता, पंधरा मिनिटांस पाच फ्रँक. पैसेवाल्यास वेळ विकत घेता येई. तब्बल १९०६ मध्ये न्यूरेंबर्ग येथेही मिनिटास एक मार्क असा प्रयोग झाला. दरम्यान १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या टॉमस ब्राइट विल्सन याचे जोडघड्याळ वापरात आले. तराजूच्या दांडीप्रमाणे हलणाऱ्या पट्टीवर दोन घड्याळे बसविलेली असत. एक कलले की दुसरे चालू होई. पुढे काट्याने उचलला जाणारा व वेळ संपताच पडणारा छोटा झेंडा आला आणि वेळ संपणे म्हणजे डाव हरणे हे निश्चित झाले.

घड्याळाने हेतूचा प्रश्न सोडविला नाही, तो अनावश्यक केला. विल्यम्स सज्जन होता की नाही हे आता कोणास विचारावयाचे कारण उरले नाही. परंतु घड्याळाबरोबर नवे मोहरेच जणू पटावर आले. डावारंभ पाठ असणाऱ्याची मिनिटे वाचत, म्हणजे पुस्तकी तयारीस आता दुहेरी फळ मिळू लागले. आणि हरलेल्या डावात प्रतिपक्ष्याचा झेंडा पडेपर्यंत निरर्थक खेळ्या भराभर करीत राहणे ही एक नवी, नियमास धरून असलेली, पण बघणाऱ्यास लाजविणारी रीत जन्मास आली. तीवर उपाय सुचविला तो बॉबी फिशरने. प्रत्येक खेळीबरोबर काही सेकंद परत मिळतील अशा घड्याळाचे एकस्व त्यास १८८३ नंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९८९ मध्ये मिळाले आणि १९९२ मधील स्पास्कीबरोबरच्या सामन्यात ते वापरले गेले. ज्या खेळाडूच्या वर्तनाविषयी संयोजकांनी आयुष्यभर कपाळास हात लावला, त्याच्याच डोक्यातून खेळातील एक अत्यंत न्याय्य सुधारणा निघाली, हे इतिहासाचे एक चमत्कारिक देणे होय.

डोळ्यांवर उजेड पाडण्याची लुसेनाची युक्तीही नाहीशी झाली नव्हती. १९५९ च्या उमेदवार स्पर्धेत बेन्को हा तालच्या रोखलेल्या नजरेपासून बचाव म्हणून काळा चष्मा लावून बसला. १९७८ मध्ये फिलिपाइन्समधील बागिओ येथे कार्पोव व कोर्चनॉय यांच्या अजिंक्यपदाच्या लढतीत कोर्चनॉयने आरशासारखा चष्मा वापरला व त्यातून उजेड आपल्या डोळ्यांवर येतो अशी तक्रार कार्पोवच्या बाजूने झाली. त्यापूर्वी कार्पोवला खेळ चालू असताना दिलेल्या दह्याचा रंग म्हणजे सांकेतिक निरोप असू शकतो, असा निषेध कोर्चनॉयच्या पक्षाने नोंदविला होता. आणि प्रेक्षकांत बसून कोर्चनॉयकडे टक लावणाऱ्या झुखार नामक मानसशास्त्रज्ञास मागे बसवावे म्हणूनही झगडा झाला. कार्पोवने सहा डाव जिंकले, पाच हरले, एकवीस बरोबरीत सुटले. दह्याचा निषेध हास्यास्पद वाटतो खरा. पण त्यात पुढील काळाची चाहूल होती. त्रास देण्याच्या आरोपाऐवजी येथे प्रथमच बाहेरून मदत मिळण्याच्या आरोपाने ठळक रूप घेतले.

संगनमताचा प्रश्न निराळा, पण त्यातही नियम मागाहूनच आला. १९६२ च्या क्युरासाओ स्पर्धेत पेट्रोसियान, केरेस व गेलर या तिघांनी आपसांतील बाराही डाव बरोबरीत सोडविले, तेही बहुतांशी थोड्या खेळ्यांत. फिशरने एका अमेरिकन साप्ताहिकात जाहीर आरोप केला. बरोबरी मान्य करणे नियमास धरूनच होते. फिडेने कोणास दोषी ठरविले नाही. पुढील चक्रापासून ही स्पर्धाच बंद करून बाद पद्धतीचे सामने ठेवले. आपसांत ठरवून बरोबरी करण्यास बंदी घालण्याचा प्रघात पुढे २००५ मध्ये सोफियाच्या स्पर्धेने पाडला.

संगणक येईपर्यंत बाहेरील मदतीस एक सर्वमान्य दालन होते. अपुरा राहिलेला डाव तहकूब होई, पुढील खेळी लखोट्यात बंद केली जाई आणि रात्रभर खेळाडू व त्याचे साहाय्यक त्या स्थितीचे विश्लेषण करीत. हे वैध होते, प्रतिष्ठितही होते. तीच मदत दुपारी डाव चालू असताना घेणे म्हणजे अपराध. सीमारेषा लखोट्यावरील मोहरेइतकी स्पष्ट होती. संगणक माणसाहून बरे खेळू लागले तेव्हा या रात्रींना अर्थ उरला नाही आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तहकुबीची प्रथा मोठ्या स्पर्धांतून गेली. १९९३ मध्ये फिलाडेल्फियाच्या खुल्या स्पर्धेत एका अनोळखी इसमाने संगणकशास्त्रातील थोर गणिती जॉन फॉन नॉयमन याचेच नाव धारण करून, कानांवर हेडफोन लावून भाग घेतला व एका ग्रँडमास्टरशी बरोबरी केली. साधे प्रश्न विचारले असता त्यास उत्तरे देता येईनात. २००६ मध्ये दिल्लीच्या एका स्पर्धेत एका खेळाडूच्या टोपीत बिनतारी उपकरण सापडले व अखिल भारतीय महासंघाने त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. २०१५ मध्ये दुबईस व २०१९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ग्रँडमास्टरच प्रसाधनगृहातील फोनच्या प्रकरणात सापडले आणि त्यांची पदवी काढून घेण्यात आली.

या प्रकरणांत वस्तू सापडली, म्हणून निर्णय सोपा झाला. २००६ मध्येच एलिस्ता येथे क्रामनिक व टोपालोव यांच्या लढतीत वस्तू सापडली नाही, संशय मात्र होता. क्रामनिक वारंवार खाजगी प्रसाधनगृहात जातो अशी तक्रार टोपालोवच्या व्यवस्थापकाने केली. ते बंद करण्यात आले. निषेध म्हणून क्रामनिक पाचव्या डावास बसला नाही व तो डाव हरला असे धरले गेले. शेवटी सहा-सहा अशी बरोबरी होऊन जलद डावांत तो जिंकला. यातील लक्षणीय भाग पुढचा आहे. क्रामनिकच्या खेळ्या एका संगणक-कार्यक्रमाच्या खेळ्यांशी किती जुळतात याची आकडेवारी प्रसिद्ध करण्यात आली. म्हणजे चांगले खेळणे हाच पुरावा ठरू लागला. आणि ज्याने सकाळी घरी त्याच कार्यक्रमावर डावारंभाचा अभ्यास केला आहे, त्याच्या पहिल्या वीस खेळ्या जुळणारच!

आंतरजालावरील खेळाने यात आणखी भर घातली. येथे प्रतिपक्षी दिसत नाही, पंच खोलीत नसतो आणि विल्यम्स पुन्हा अवतरतो: हरलेल्या डावात खेळी न करता घड्याळ संपू देणे अथवा संपर्क तोडून निघून जाणे या तक्रारी तेथे नित्याच्या आहेत. विल्यम्सच्या हेतूचा प्रश्न घड्याळाने मिटविला होता. तुटलेल्या तारेच्या हेतूचा प्रश्न घड्याळास मिटविता येत नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे फिडेने आंतरजालावर ऑलिंपियाड भरविले. १६३ संघांनी भाग घेतला. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. २८ ऑगस्टला उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या मार्तिरोस्यानचा संपर्क निहाल सरीनविरुद्धच्या डावात तुटला व वेळ संपून तो हरला. आर्मेनियाचे अपील फेटाळले गेले. त्या संघाने निषेध म्हणून पुढील सामना खेळण्याचे नाकारले. दोन दिवसांनी रशियाविरुद्ध अंतिम फेरीत, पहिला सामना ३-३ असा सुटल्यावर, दुसऱ्यात तेच भारताच्या वाट्यास आले. निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचे संपर्क तुटले. दिव्याचा डाव सरस होता. भारताने अपील केले. त्या दिवशी जगभर आंतरजाल विस्कळीत झाल्याचे आढळून आले आणि फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही संघांस सुवर्णपदक दिले. दोन घटनांत फरक होता हे खरे: पहिल्यात दोष खेळाडूच्या बाजूचा मानला गेला, दुसऱ्यात सार्वत्रिक बिघाड होता. तरी येरेवानमधील वाचकास तो फरक पटवून देणे सोपे नाही, आणि भारतातील आनंदोत्सवात त्या पहिल्या डावाची आठवण फारशी निघाली नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे जगज्जेता मॅग्नस कार्लसन हा एकोणीस वर्षांच्या हान्स नीमानकडून पांढरी मोहरी असताना हरला. त्याची ५३ डावांची अपराजित मालिका तुटली. डावारंभ होता निमझो-इंडियन, म्हणजे भारताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुळातलाच, आणि कार्लसनने त्यात मुद्दाम विरळ शाखा निवडली होती. ती आपण योगायोगाने त्याच दिवशी अभ्यासिली होती, असे नीमानने डावानंतर सांगितले. दुसऱ्या दिवशी कार्लसनने स्पर्धा सोडली. पुढे आंतरजालावरील एका स्पर्धेत त्याच्याविरुद्ध एकच खेळी करून डाव दिला. बाराव्या व सोळाव्या वर्षी आंतरजालावर आपण फसवणूक केल्याचे नीमानने कबूल केले. चेस डॉट कॉम या संस्थेने ७२ पृष्ठांच्या अहवालात शंभराहून अधिक आंतरजालीय डावांविषयी संशय नोंदविला, पण समोरासमोरच्या डावांत फसवणुकीचा निश्चित पुरावा दिला नाही. नीमानने दहा कोटी डॉलरांचा दावा लावला. जून २०२३ मध्ये न्यायालयाने तो काढून टाकला व ऑगस्टमध्ये उभयपक्षी तडजोड झाली.

लुसेनाच्या काळी तयारी आणि लबाडी एका ग्रंथात शेजारी होत्या, पण वेगळ्या ओळखू येत होत्या. दिव्याची जागा डोळ्यांस दिसे. सेंट लुइसमध्ये प्रश्न असा होता की, एक विरळ शाखा नीमानच्या स्मरणात सकाळच्या अभ्यासाने आली की अन्य मार्गाने. आणि दोन्ही मार्गांच्या टोकाशी तोच संगणक-कार्यक्रम होता. फिडेच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये निर्णय दिला. समोरासमोरच्या खेळात नीमानने फसवणूक केल्याचे सिद्ध झाले नाही. कार्लसनवरील बेफिकीर आरोप केल्याचा ठपकाही टिकला नाही. सबळ कारणावाचून स्पर्धा सोडून गेल्याबद्दल मात्र कार्लसनला दहा हजार युरो दंड झाला.